पुळणीवरची मोटार आणि डोंगरावरची स्नोमोबाइल

गणपतीपुळ्याच्या नावातच वाळू आहे. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू, आणि या पुळणीवरूनच गावाला पुळे हे नाव पडले असे सांगतात. डोंगराच्या पायथ्याशी स्वयंभू गणपतीचे देऊळ आणि देवळासमोरच लांबच लांब पसरलेली पुळण! रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गेले तर हे अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. तिथून जवळच कवी केशवसुतांचे मालगुंड.

गेल्या माघ महिन्यात आमच्या नववीच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. वद्य चतुर्थीचा दिवस असल्यामुळे देवळात बरीच गर्दी होती. दर्शन आटोपून आम्ही पुळणीवर उतरलो, तेव्हा साडेबारा वाजले असावेत. थोड्याच अंतरावर पंधरावीस माणसांचा घोळका दिसला. जवळ जाऊन पाहतो तो काय, एक मोटार वाळूत रुतून बसली होती! घाटावरून आलेले एक कुटुंब सकाळी साडेनवाच्या सुमारास ती थेट पाण्याच्या कडेपर्यंत घेऊन गेले होते. तेव्हा वाळू कशी फरशीसारखी घट्ट होती म्हणे. आता परत येताना पुढची दोन्ही चाके अर्धी वाळूत गेली होती. मोटार चालवणारे गृहस्थ इंजिनाचा जोर वाढवीत होते, चाके जागच्या जागी गरगर फिरत होती, मागे वाळूचा फवारा उडत होता आणि दर फवाऱ्याबरोबर मोटार आणखी खाली बसत होती. आणि तिकडे भरती चढत होती!

आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, परवा मी एका चित्रपटात बर्फावरची स्कूटर पाहिली. माणूसभर खोल भुसभुशीत बर्फावरून ती उड्या मारीत डोंगर चढत होती. ती कशी रुतत नाही? आणि ही मोटार सपाट वाळूतसुद्धा का रुतते?"

प्रश्न मोठा छान होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हाला त्या दिवशी बरेच काही शिकायला मिळाले.

शहाळेवाल्या काकांचा धडा

पण आधी मोटारीचे काय झाले ते सांगतो. जवळच शहाळी विकणारे एक वयस्क काका होते. ते सावकाश चालत आले आणि म्हणाले, "साहेब, आधी इंजिन बंद करा. जेवढा जोर कराल तेवढे खाली जाल."

मग त्यांनी एकामागून एक सूचना दिल्या. मोटारीतली माणसे आणि सामान बाहेर काढायला लावले. चारही टायरांतील हवा निम्मी कमी करायला सांगितली. "हवा काढायची? मग गाडी आणखीनच बसेल ना?" गृहस्थांनी विचारले. काका हसले, "काढा तर खरी." आमच्या मुलांनी चाकांपुढची वाळू हातांनी उकरून उतरता चर केला. कोणीतरी जवळच्या वाडीतून माडाच्या चुडतांचे विणलेले चार झाप आणले, ते चाकांपुढे अंथरले. मग गृहस्थांनी इंजिन सुरू करून अगदी हळू मोटार पुढे घेतली आणि आम्ही सर्वांनी मागून रेटा दिला. चाके झापांवर चढली आणि मोटार न थांबता वरच्या पक्क्या रस्त्यापर्यंत गेली. मागे वळून पाहिले, तर ज्या खड्ड्यांत चाके रुतली होती तिथे लाटेचा फेस पोहोचला होता.

काकांनी त्या गृहस्थांना जाता जाता आणखी दोन गोष्टी सांगितल्या. "पंपावर जाऊन हवा परत भरा. तोवर गाडी सावकाश न्या. कमी हवेवर जोरात पळवलीत तर टायर जाईल. आणि पुढच्या खेपेस गाडी वरच ठेवा!"

चार पोस्टकार्डांवर उभी मोटार

आता काकांच्या युक्तीमागचे विज्ञान पाहू. भागिले दाब म्हणजे काय हे तुम्ही पुस्तकात शिकला आहात: वजनाला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. तेच गणित इथे मांडू.

माणसांसह मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम धरू. म्हणजे एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार आला. टायरात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असतो (पंपवाला यालाच 'तीस' म्हणतो). टायर जमिनीवर जिथे टेकतो तिथे तो थोडा चपटा होतो. हवेच्या दाबाला त्या चपट्या भागाच्या क्षेत्रफळाने गुणले की भार तोलला जातो. म्हणून ढोबळ मानाने क्षेत्रफळ झाले ३०० भागिले २.१, म्हणजे सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. टपालाचे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ असा, की एवढी मोठी मोटार जमिनीवर उभी असते ती चार पोस्टकार्डांपेक्षा जराशाच मोठ्या जागेवर!

हवेचा दाब निम्मा केला की काय होईल? वजन तेच, दाब निम्मा, म्हणजे टेकणारी जागा दुप्पट. टायर अधिक चपटा होतो आणि प्रत्येक चाकाखाली एकाऐवजी दोन पोस्टकार्डे येतात. वाळूवरचा दाब निम्म्यावर येतो. काकांनी पुस्तकातले सूत्र पाठ केले होते की नाही ठाऊक नाही. पण ते त्यांना पक्के समजले होते, यात शंका नाही.

त्याच पुळणीवर पर्यटकांना फिरवणारे उंटही होते. त्यांच्याकडे पाहा. उंटाचा पाय खाली टेकला की पसरतो. त्याचा तळवा मऊ आणि ताटलीसारखा रुंद असतो. घोड्याचा खूर त्यामानाने लहान आणि कडक. म्हणूनच वाळवंटात ओझी वाहायला माणसाने उंट निवडला.

आता बर्फाकडे

आता स्नोमोबाइल घेऊ. हिला बर्फावरची स्कूटर म्हटले तरी चालेल. हिला चाके नसतात. पुढे दोन स्की म्हणजे घसरपट्ट्या असतात, त्या हँडलने वळवता येतात. मागे, बसायच्या जागेखाली, रबराचा एक रुंद पट्टा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा गोल फिरत असतो. डोंगरात वापरायच्या स्नोमोबाइलचे वजन साधारण सव्वादोनशे किलोग्रॅम असते. पंचाहत्तर किलोग्रॅमचा स्वार धरला तर एकूण ३०० किलोग्रॅम झाले, म्हणजे आपल्या मोटारीच्या एका चाकावर होता तेवढाच भार. पण पट्टा सुमारे ३८ सेंटिमीटर रुंद असतो आणि त्याचा जवळजवळ १५० सेंटिमीटर भाग बर्फावर टेकतो. म्हणजे क्षेत्रफळ ५७०० चौरस सेंटिमीटर, पंचेचाळीस पोस्टकार्डांएवढे! आणि दाब? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०५ किलोग्रॅम. पुढच्या स्कींची जागा तर आपण यात धरलेलीच नाही.

हा दाब मोटारीच्या दाबाच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा आहे. फार कशाला, तुम्ही अनवाणी चालताना एका पायावर येता तेव्हा जमिनीवर पडणारा दाब यापेक्षा सहापट तरी असतो. म्हणून जिथे माणूस कमरेपर्यंत रुततो तिथे स्नोमोबाइल तरून जाते.

पण नुसते तरून भागत नाही, पुढेही जायला हवे. त्यासाठी पट्ट्यावर सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या रबरी पात्या असतात. होडीचे वल्हे जसे पाणी मागे लोटते, तशा या पात्या बर्फ मागे लोटतात आणि गाडी पुढे सरकते. न्यूटनचा तिसरा नियम!

या यंत्रामागे एक हृदयस्पर्शी हकीकत आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक कारागीर होता. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने पंख्याने चालणारी एक बर्फगाडी बनवली होती. तिथल्या खेड्यांचे रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली गाडले जात. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बंद असल्याने त्याला इस्पितळात नेता आले नाही आणि तो दगावला. बोंबार्दिएने त्यानंतर बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यासच घेतला. १९३७ साली त्याला आपल्या फिरत्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले. सात माणसे बसतील अशा त्याच्या गाड्या पुढे डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले वाहू लागल्या. एकट्याने चालवायची लहान स्नोमोबाइल त्याने १९५९ साली बाजारात आणली.

एक आगळा वर्ग

यंत्र कितीही चांगले असले तरी ते चालवणे शिकावे लागते. अमेरिका आणि कॅनडातील रॉकी पर्वतात हिवाळ्यात यासाठी खास वर्ग भरतात. एक, दोन किंवा तीन दिवसांचा वर्ग, थोडेसे विद्यार्थी आणि एक अनुभवी शिक्षक. चला, आपणही मनाने त्या वर्गात जाऊन बसू. वाटेल तेव्हा गणपतीपुळ्याच्या पुळणीवर परत येऊ.

पहिला धडा असतो उभे राहण्याचा. होय, नुसते उभे राहण्याचा! आपण स्कूटरवर बसतो. पण डोंगरातला स्वार बहुतेक वेळ पायफळ्यांवर उभा असतो. का बरे? गाडीचे वजन सव्वादोनशे किलोग्रॅम, स्वाराचे पंचाहत्तर. म्हणजे एकूण वजनाचा चौथा हिस्सा हा स्वतः स्वारच असतो, आणि हा हिस्सा हवा तिकडे हलवता येतो. स्वार डाव्या पायफळीवर गेला की गुरुत्वमध्य डावीकडे सरकतो आणि गाडी डावीकडे कलते. मागे झुकला की पट्ट्यावर भार वाढतो, पुढे झुकला की स्कींवर. गाडी हँडलने जितकी वळते त्याहून अधिक ती अंगाने वळते, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

दुसरा धडा ऐकून तुम्ही चकित व्हाल. भुसभुशीत बर्फात डावीकडे वळायचे असेल तर हँडल आधी उजवीकडे फिरवायचे! असे केले की स्की उजवीकडे जाऊ पाहतात आणि गाडी डाव्या कुशीवर कलते. त्याच वेळी स्वार आपला भार डाव्या पायफळीवर टाकतो आणि इंजिनाला जरासा जोर देतो. गाडी डाव्या कडेवर उभी राहून, सुरीने कलिंगड कापावे तशी बर्फ कापीत डावीकडे वळते.

हे अगदीच अनोखे वाटते ना? पण तुम्ही रोज सायकलवर हेच करता, फक्त तुमच्या ध्यानात येत नाही. वेगात असलेली सायकल डावीकडे वळवताना हँडल क्षणभर किंचित उजवीकडे जाते. त्यामुळे चाके तुमच्या खालून उजवीकडे सरकतात, तुम्ही डावीकडे झुकता आणि मग वळण सुरू होते. मोकळ्या मैदानावर, एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, हळू वेगात सावधपणे निरीक्षण करा.

तिसरा धडा उतारावर आडवे जाण्याचा. डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना गाडी सतत खाली घसरू पाहते. स्वार वरच्या अंगाच्या पायफळीवर उभा राहतो. गाडीची वरची कड बर्फात रुतते, पट्ट्याखाली एक छोटी पायरी तयार होते आणि गाडी त्या पायरीवरून चालते. घाटातली पायवाट डोंगरात खणलेली असते ना, तशीच. फक्त ही वाट गाडी स्वतः खणत जाते.

चौथा धडा आपल्या शहाळेवाल्या काकांचाच! गाडी रुतली तर इंजिनाचा जोर वाढवू नका. पट्टा फिरत राहिला तर तो आपल्याच खाली खंदक खणतो. इंजिन बंद करा, उतरा, पुढचा आणि बाजूचा बर्फ पायांनी तुडवा, आणि मग काही मिनिटे थांबा. थांबायचे कशाला? इथे बर्फ वाळूपेक्षा वेगळा आहे. तुडवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामध्ये बर्फाचेच बारीक सांधे तयार होतात. थोड्या वेळात तो थर पहिल्यापेक्षा पुष्कळ घट्ट होतो. आम्ही मोटारीखाली झाप अंथरले. बर्फातला स्वार बर्फाचाच झाप तयार करतो.

जमीन वाचणे

या सर्व धड्यांहून मोठा धडा म्हणजे जमीन वाचायला शिकणे. बर्फ म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. ताज्या भुरभुर पडलेल्या हिमात बहुतांश हवाच असते. एक लिटर ताजे हिम वितळवले तर अनेकदा पन्नास ते शंभर ग्रॅमच पाणी मिळते. वाऱ्याने दडपलेले हिम घट्ट असते. उन्हात भिजलेले हिम जड आणि चिकट होते. शिकाऊ स्वाराला आधी हे ओळखावे लागते.

पुळणीवरही असेच आहे. वरची कोरडी वाळू भुसभुशीत. तिचे कण एकमेकांवरून सहज घसरतात. त्याखालचा ओलसर पट्टा घट्ट. कारण दोन कणांच्या मध्ये पाण्याचा बारीक थेंब अडकतो आणि पृष्ठताणामुळे कणांना जवळ ओढून धरतो. वाळूचे किल्ले ओल्या वाळूचेच होतात ते याच कारणाने. पण पाण्याच्या कडेची पूर्ण भिजलेली वाळू पुन्हा दुबळी असते. तिथे सगळ्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. थेंबांचे ओढून धरणे संपते.

आता त्या मोटारीचे काय झाले ते नीट ध्यानात येईल. सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी होती. ओलसर घट्ट पट्टा खूप रुंद होता. वरची भुसभुशीत वाळू मोटारीने उताराच्या जोरावर पार केली आणि ती घट्ट पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. दुपारी पाणी वर आले, घट्ट पट्टा अरुंद झाला, चाकांखालची वाळू भिजू लागली. परतीच्या वाटेवर तीच भुसभुशीत वाळू होती, पण आता चढ होता. उताराने जी मदत केली होती तिचीच आता अडचण झाली. जाताना जमले म्हणून येतानाही जमेल, हा हिशेब चुकला.

भरती कधी येणार हे त्यांना आधी कळले असते का? कोकणातल्या मच्छीमारांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार. चार गुणिले पाऊण बरोबर तीन. म्हणजे दुपारी सुमारे तीनला पूर्ण भरती, आणि त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे नऊला, ओहोटी. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा ठोकताळा अंदाजापुरताच आहे. पण कॅलेंडरात तिथी पाहण्याचे कष्ट त्यासाठी पुरेसे आहेत. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. तिथीला पाऊणने, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांनी, गुणण्याचे रहस्य हेच.

उतार कोसळतो तेव्हा

पुळणीवर चूक झाली तर मोटार जाते. डोंगरात चूक झाली तर माणूस जातो. म्हणून या वर्गांत हिमस्खलनाचा अभ्यास फार महत्त्वाचा मानतात.

कोरड्या वाळूचा ढीग करून पाहा. कितीही वाळू ओतली तरी त्याची बाजू तीस ते पस्तीस अंशांपेक्षा जास्त उभी राहत नाही. जास्तीची वाळू घसरून खाली येते. बर्फाचे कण एकमेकांना चिकटत असल्याने तो याहून उभ्या उतारावरही टिकतो, आणि तिथेच धोका असतो. हिमाचे थर एकावर एक बसतात. मधलाच एखादा थर सुट्या, ठिसूळ कणांचा असेल, तर वरची जड लादी त्यावर कशीबशी टेकलेली असते. अशा वेळी एका स्वाराचे वजनही पुरते. लादी तडकते आणि सगळा उतार खाली धावतो. अशी स्खलने बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात. स्वाराला मोह पाडणारे उतार नेमके तेच! माणसे गाडली जातात अशा बहुतेक प्रसंगी ते स्खलन त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेले असते.

म्हणून वर्गात नियम शिकवतात. निघण्यापूर्वी त्या दिवसाचा स्खलनाचा अंदाज वाचा. उतारावर एका वेळी एकानेच जावे. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. वर कोणी अडकला तर त्याच्या मदतीला दुसऱ्याने लगेच धावू नये, कारण दोघांचे वजन अधिक घातक ठरते. प्रत्येकाच्या अंगावर तीन वस्तू हव्यात: ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारे व पकडणारे छोटे रेडिओयंत्र, बर्फात खुपसून माणूस शोधण्याची घडीची लांब काठी, आणि फावडे. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची आशा बरीच असते. पुढे ती झपाट्याने मावळते. इतक्या वेळात बाहेरून मदत येणे शक्य नसते. सोबतीच काय ते वाचवू शकतात. म्हणून वर्गात रेडिओयंत्र बर्फात पुरून ते शोधण्याचा सराव पुन्हा पुन्हा घड्याळ लावून करून घेतात.

आपल्या देशालाही हे नवे नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर हिमस्खलन कोसळले आणि सतरा जवान मृत्युमुखी पडले. ज्यांचे कामच बर्फ शिकणे हे होते, त्यांनाही बर्फाने सोडले नाही. हिमालयातील स्खलनांचा अंदाज देण्याचे काम मनालीच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने अनेक वर्षे केले. २०२० साली ती संस्था दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था झाली, आणि हे काम आता ती करते.

कोकणाच्या किनाऱ्यावरून बर्फाकडे

वाळू आणि बर्फ यांचे नाते तुम्हाला ओढूनताणून आणल्यासारखे वाटत असेल, तर हे ऐका. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, म्हणजे गणपतीपुळ्यासमोरच्या याच अरबी समुद्रातून. डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. पुढे १९८९ साली तिथे 'मैत्री' आणि २०१२ साली 'भारती' हे संशोधन-तळ उभे राहिले. या मोहिमांची आखणी करणारी राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आजही गोव्यात, वास्को येथे, समुद्रकाठीच आहे.

या मोहिमांवर जाणाऱ्या शास्त्रज्ञांना, डॉक्टरांना आणि आचाऱ्यांनाही आधी उत्तराखंडातील औली येथे बर्फावर राहण्या-वावरण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. तिथे भारत-तिबेट सीमा पोलिस दलाची गिर्यारोहण आणि स्कीइंगची संस्था आहे. ज्याने जन्मात बर्फ पाहिला नाही असा किनाऱ्यावरचा माणूसही तिथे बर्फात चालायला, दोराने बांधून घ्यायला आणि सोबत्याला बाहेर काढायला शिकतो. अंटार्क्टिकावर पट्ट्यांची वाहने आणि बर्फावरच्या स्कूटर वापरतात. पण बर्फातली भेग वरून दिसत नाही, म्हणून यंत्रावर बसण्याआधी जमीन ओळखणे तिथेही पहिले.

परत फिरण्याचे कौशल्य

संध्याकाळी बसमध्ये बसताना मी मुलांना विचारले, "मग, आज काय शिकलात?" कोणी दाबाचे सूत्र सांगितले, कोणी तिथीचा ठोकताळा. एक मुलगी म्हणाली, "सर, त्या मोटारीला बाहेर काढायला तीस माणसे, चार झाप आणि एक तास लागला. वाळूत न नेण्याला काहीच लागले नसते."

हे उत्तर मला सर्वांत आवडले. डोंगरातल्या त्या वर्गांतही शेवटी हेच सांगतात. उतार पाहून शंका आली तर गाडी वळवा; डोंगर उद्याही तिथेच असणार आहे. जोर, वेग आणि धाडस यांना आपण कौशल्य समजतो. खरे कौशल्य म्हणजे पायाखाली काय आहे हे ओळखणे, आपला भार त्यावर नीट वाटणे, आणि जिथे ते झेपणार नाही तिथून परत फिरणे.

आणखी एक गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर, वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. ती अंडी वरून दिसत नाहीत. चाकाखालची वाळू नुसती वाळूच असते असे नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

करून पाहा

१. आलेख-कागदावर अनवाणी उभे राहून पावलाची कड पेन्सिलीने काढा. चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा आणि आपल्या वजनाला त्याने भागा. एका पायावर आणि दोन पायांवर किती दाब येतो? स्नोमोबाइलच्या ०.०५ शी तुलना करा.

२. एका थाळीत कोरडी वाळू, दुसरीत ओलसर आणि तिसरीत पाण्याने पूर्ण भरलेली वाळू घ्या. तिन्हींवर एकच वजन ठेवून ते किती रुतते ते पट्टीने मोजा.

३. कोरड्या वाळूचा ढीग करून त्याच्या उताराचा कोन कोनमापकाने मोजा. ढिगावर आणखी वाळू ओता. कोन बदलतो का?

४. एका फळीवर मोहऱ्या पसरून त्यांवर एक वही ठेवा. फळी हळूहळू कलती करा. किती अंशांवर वही घसरते? मोहऱ्या काढून पुन्हा पाहा. मधला ठिसूळ थर काय करतो ते कळेल.

५. ओल्या वाळूवर पाय दाबला की पावलाभोवती क्षणभर कोरडे वर्तुळ दिसते. दाबल्यावर वाळू ओली दिसायला हवी, मग कोरडी का दिसते? १८८५ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने याचे कारण शोधले. सूचना अशी: घट्ट बसलेले कण हलवले तर त्यांच्यामधल्या फटी मोठ्या होतात की लहान? विचार करा आणि आपल्या विज्ञानशिक्षकांशी चर्चा करा.

हे प्रयोग पुळणीवर करायचे असतील तर वरच्या कोरड्या भागात, मोठ्यांच्या सोबतीने करा. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पाण्याला जबर ओढ आहे. तेव्हा निरीक्षण पाण्याबाहेर राहूनच करावे. आणि हो, निघण्यापूर्वी तिथी पाहायला विसरू नका!